आधी बांध

सात आठवडे झाले, फिल्म गोठणपेटीत आहे,
उणे ऐंशी अंशांत, अंधाराला पोट लावून.
झ्देंको म्हणतो, राहू दे अजून चार दिवस,
ट्रिटियम फार हळू बोलतं.
खिडकीबाहेर ल्युब्लियानाचं धुकं,
नदीवरून उठून कधीचं काचेला टेकलंय.

हे काय चाललंय ते एकदा आईला सांगून पाहिलं होतं,
इद्रियाच्या स्वयंपाकघरात.
तिच्या पुढ्यात लोड, लोडावर टाचण्यांचं रान,
आणि लेसच्या लाकडी कांड्या
थंडीत दात वाजावेत तशा वाजत होत्या.

म्हटलं, जिवाणूच्या आत एक प्रथिन घडतं.
घडतं पाण्यात, पण त्याला राहायचं असतं
चरबीच्या पापुद्र्याला धरून.
पुढे वीस-एक अक्षरांची दोरी असते त्याला,
ती ओढत नेते पापुद्र्यापर्यंत.
"मग?"
मग दोरी कापतात.
कांड्या थांबल्या.
"न बांधता?"

नाही गं. तेच तर सांगतेय.
दोरी संपते तिथे एक सिस्टीन,
त्याच्या कडेवर गंधकाचा एक अणू.
पहिलं विकर येतं, त्या गंधकाला
चरबीचे दोन धागे बांधतं.
मग दुसरं, कापणारं.
गाठ दिसली नाही तर ते कात्री उघडतच नाही.
आणि कापून उघडं पडलेलं जे टोक,
त्याला तिसरं विकर आणखी एक धागा देतं.
"तीन ना? मग ठीक," आई म्हणाली,
आणि पुन्हा दात वाजू लागले.

गंधक ऐकून बाबांनी मान वर केली होती.
एकतीस वर्षं पाऱ्याच्या खाणीत.
हिंगूळ म्हणजे काय, तर पारा आणि गंधक
असे बिलगलेले, की भट्टीशिवाय सुटत नाहीत.
सुटलेला पारा मग दुसरं गंधक हुडकतो.
माणसात पुष्कळ असतं.
त्यांचा कप बशीत किणकिणत राहायचा
आणि आमच्यापैकी कुणीतरी उठून रेडिओ मोठा करायचं.

एक गोष्ट मात्र आईला सांगितली नाही.
सिस्टीननंतरचं अक्षर.
ते सेरीन असलं, तर वाहून नेणारे येतात
आणि प्रथिनाला बाहेरच्या पापुद्र्यावर पोचवतात.
ॲस्पार्टेट असलं, तर नाही येत.
ते आतच राहतं, जन्मभर, तीनही धागे असून.
लुडविका, माझी बहीण, इद्रियातच आहे.
दोघींना शिवण एकच होती. जेवण एकच.
कुठलं अक्षर वेगळं पडलं, मला ठाऊक नाही,
आणि विचारायला गेले की ती झ्लिक्रोफी उकळायला टाकते.

आज ज्याची फिल्म काढायची, त्या पेशींना
मी ग्लोबोमायसिन दिलंय. कात्री त्यात अडकते.
प्रथिन बांधलेलं असतं, पण दोरीसकट,
उंबऱ्यावर, पाठीवर सगळं सामान घेऊन.
अशी फार साचली की पेशी मरते.

आईचा लोड माझ्याकडे आहे.
ऑक्टोबरपासून कपाटावर.
लेस अर्ध्यावर, एकशेचार टाचण्या, मोजल्यात मी.
शेवटची गाठ कुठली ते कळत नाही,
म्हणून कात्री लावत नाही.
लुडविका फोनवर म्हणाली, अगं, कापून टाक की.

चार दिवस थांबणं झालं नाही.
काळोख्या खोलीत दिवा लावला, हिंगुळाच्या रंगाचा.
फिल्म ट्रेमध्ये हलवत राहिले.
हळूहळू एक पट्टी आली. वर, जड, न कापलेली.
शेजारच्या रांगेत खाली दुसरी, हलकी, औषध न दिलेली.
म्हणजे बरोबर. झ्देंकोला सांगायला हवं.

कडेला एक डाग मात्र कुठल्याच रांगेत बसेना.
उजेडात धरला तेव्हा रेघा दिसल्या, गोल गोल.
माझा अंगठा.
सात आठवड्यांपूर्वी हातमोजा न घालता
फिल्म ठेवली असणार मी,
आणि बोटाची चरबी
तिथेच धरून राहिली.